ब्रिगेडियर निवृत्त झाले कधी? 'डॉक्टर हू'मधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

'डॉक्टर हू' या कालप्रवासी डॉक्टरच्या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेत अटलांटिस हे दंतकथेतलं बेट तीनदा बुडालं. 1967, 1971 आणि 1972 सालच्या तीन कथांनी तीन वेगळी कारणं दिली आणि चाहते त्यावर हसून पुढे गेले. युनिट ही मालिकेतली, परग्रहवासीयांशी लढणारी लष्करी संघटना, आणि ब्रिगेडियर तिचे प्रमुख. युनिटच्या कथा कोणत्या सालात घडतात, प्रेक्षकांच्याच काळात की काही वर्षं पुढे भविष्यात, या प्रश्नावर मात्र असं हसून सोडून देणं कुणाला जमलेलं नाही. 1983च्या फेब्रुवारीत पेटलेली ही चूल अजून धुमसते आहे.

मूळ हिशेब साधा होता. 1967 साली दाखवलेली यतींची कथा तिबेटात, 1935 सालात घडते. पुढच्याच वर्षीच्या 'द वेब ऑफ फियर'मध्ये यती लंडनच्या भुयारी रेल्वेत शिरतात, आणि तिबेटच्या कथेतलाच, तोवर म्हातारा झालेला प्रोफेसर सांगतो की तिबेटच्या प्रकरणाला चाळीसहून अधिक वर्षं झाली. म्हणजे साल 1975च्या पुढेमागे. 1968च्या अखेरीस आलेल्या 'द इनव्हेजन'मध्ये ब्रिगेडियर म्हणतात, भुयारातल्या घटनेला चार वर्षं होत आली. बेरीज सरळ 1979वर जाते.

1970पासून डॉक्टर पृथ्वीवर अडकला, आणि त्या कथांमध्येही प्रेक्षकांच्या काळापेक्षा चार पावलं पुढचं जग दिसतं. ब्रिटन मंगळावर माणसं पाठवतो. 1971च्या 'द डीमन्स'मध्ये गावातल्या उत्खननाचं थेट प्रक्षेपण बीबीसी-3 करते. खऱ्या जगात त्या नावाची वाहिनी 2003 साली आली. 1975च्या कथेत ब्रिगेडियर फोनवर पंतप्रधानांना 'मॅडम' म्हणतात, तेव्हा ब्रिटनला स्त्री पंतप्रधान मिळायला चार वर्षं अवकाश होता. त्याच वर्षी 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मध्ये डॉक्टरची सोबतीण सारा स्वच्छ सांगते की ती 1980ची आहे, आणि डॉक्टर तिला उद्ध्वस्त झालेलं 1980 दाखवूनही आणतो. याहून स्पष्ट काय हवं?

कथा प्रेक्षकांच्याच काळात घडतात म्हणणारी दुसरी बाजूही अगदीच पोकळ नाही. मोटारी, कपडे, केसांची ठेवण, टेलिफोन, सगळं चित्रीकरणाच्याच वर्षांतलं. पण खर्चाला हात आखडता असलेल्या निर्मितीत दहा वर्षांपुढच्या मोटारी कुठून येणार? पडद्यावरच्या बेलबॉटमला मी संवादाइतकं वजन देत नाही.

आणि मग 1983ची ती कथा, 'मॉड्रिन अनडेड'. चार भाग, दोन काळ: 1977 आणि 1983. 1977 ओळखू यावं म्हणून राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची सजावट आहे, त्यामुळे साल चुकून उच्चारलं गेलं असं म्हणायची सोय नाही. दोन्ही काळांत ब्रिगेडियर मुलांच्या एका निवासी शाळेत गणित शिकवताना दिसतात. युनिट त्यांनी 1976 साली सोडलेली. वर बोलता बोलता सांगून टाकतात की युनिटमधला त्यांचा सार्जंट बेंटन 1979 साली लष्करातून बाहेर पडला आणि आता जुन्या मोटारी विकतो. साराच्या 1980मध्ये ब्रिगेडियर युनिटचे प्रमुख, आणि इथे 1977मध्ये ते फळ्यावर गणितं सोडवतायत. या दोन गोष्टी एका कालपटावर बसवता येत नाहीत.

याला सरसकट 'निष्काळजीपणा' म्हटलं जातं, ते मला अर्धवट वाटतं. कथेतला शिक्षक आधी ब्रिगेडियर नव्हताच. 1963च्या पहिल्याच कथेतल्या विज्ञानशिक्षकाला, इयन चेस्टरटनला, परत आणायचा बेत होता. शिक्षक शाळेत दिसणार, यात कुणाला काय खटकणार? तो नट उपलब्ध झाला नाही, मग आणखी एका जुन्या सोबत्याचा विचार झाला, आणि शेवटी भूमिका ब्रिगेडियरकडे आली. माणूस बदलला, शाळा तशीच राहिली. आयुष्यभर हुकूम सोडलेला लष्करी गडी गणिताचा मास्तर का झाला, याचं उत्तर कथेत शोधून सापडत नाही ते यामुळे. इयनच्या वाट्याला 1977 आलं असतं तर काहीच बिघडलं नसतं, कारण त्याचा युनिटशी संबंध नव्हता.

तरीही साल टाळता आलं असतं, हा आक्षेप उरतोच. त्या वर्षांत निर्मितीकडे सातत्याबद्दल सल्ला देणारा एक पक्का चाहता होता, आणि याच कथेत ब्रिगेडियरना स्मृती परत येते तेव्हा जुन्या भागांतली दृश्यं एकामागून एक दाखवली जातात. इतिहासाची आठवण होती, फक्त संवादांची बेरीज कुणी केली नाही. ती करणं सोपंही नव्हतं म्हणा. यतींच्या दोन्ही कथांचा बहुतेक भाग तोवर पुसला गेला होता. फिती पुन्हा वापरायच्या म्हणून वाहिनीनेच पुसलेल्या. चाळीस वर्षांचा तो संवाद घरोघरी टीव्हीसमोर धरलेल्या टेपरेकॉर्डरच्या खरखरीतूनच ऐकायचा. 'द वेब ऑफ फियर'चे बहुतेक भाग नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं ते 2013च्या ऑक्टोबरमध्ये. ज्यात ब्रिगेडियर, तेव्हाचे कर्नल, पहिल्यांदा समोर येतात तो तिसरा भाग त्यात नव्हता.

1983नंतर तट पडले. भविष्यवाल्यांचं म्हणणं, 1977 साली ब्रिगेडियरना मानसिक धक्का बसून विस्मरण झालं होतं, तेव्हा त्यांच्या तारखा कशाला मानायच्या? युक्तिवाद चतुर आहे, पण रौप्यमहोत्सवाच्या पताका काही विस्मरणातून आलेल्या नाहीत. समकालवाल्यांच्या मते साराने 'ऐंशी' ढोबळमानाने म्हटलं. मग डॉक्टरने तिला नेमकं तेच साल का दाखवलं, यावर ते गप्प. तिसरा गट म्हणतो, कालप्रवासात इतिहासच बदलला. हे उत्तर कुठल्याही चुकीला लागू पडतं, म्हणून मला ते उत्तरच वाटत नाही.

पुढे पुन्हा सुरू झालेल्या नव्या मालिकेने भांडण मिटवण्याऐवजी त्याचा विनोद केला. 2008 साली डॉक्टर म्हणतो, मी युनिटमध्ये होतो सत्तरच्या दशकात, की ऐंशीच्या? 2013 साली मालिकेच्या पन्नाशीच्या भागात ब्रिगेडियरची मुलगी एका फाइलबद्दल म्हणते की ती सत्तरची की ऐंशीची हे कालगणनेची कोणती पद्धत वापरता त्यावर ठरतं. प्रेक्षक खूश. भविष्यवाल्यांना मात्र हा बरोबरीचा निकाल पटला नाही, आणि मलाही तो फार उदार वाटतो.

त्यांना खरा फटका दुसरीकडून बसला. साराच्या स्वतंत्र मालिकेने तिचा जन्म 1951चा ठरवला. 1964 साली ती तेरा वर्षांची आहे. 1974च्या डायनासोरांच्या कथेत ती स्वतःचं वय तेवीस सांगते. 1951 अधिक 23 म्हणजे 1974, नेमकं ती कथा दाखवली गेली तेच वर्ष. आता भविष्यवाल्यांचा भर साराच्या वयावर नसतो, मंगळयानांवर असतो.