खजुराचं पान बटाट्यात खोचून मुळं येत नाहीत, आणि का येत नाहीत ते

तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. खजुराचं एक पान कापायचं, बटाट्यात खोचायचं, वर मध आणि दालचिनी चोपडायची, आणि थोड्या दिवसांत म्हणे पांढरीशुभ्र मुळं. बटाट्याला कोंब फुटेल हो, खजुराला काही होणार नाही. कारण गुलाबाची काडी रुजते तशी सोय खजुराकडे नाहीच. तो एकदल, त्याच्या खोडात कॅम्बियम, म्हणजे खोड जाड करणारा, सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा थर, नाही, त्यामुळे कलम पण होत नाही. वाढीचा कोंब एकच, शेंड्याला, तो मेला की ते खोड संपलं.

मग बी लावा की! रोप येतं, अगदी सहज येतं. इस्रायलमध्ये मसाडा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं साधारण 2000 वर्षांपूर्वीचं बी 2005 मध्ये लावलं तर तेसुद्धा उगवलं. पण तो निघाला नर. खजुरात नर वेगळा, मादी वेगळी, बियांमधून दोन्ही साधारण निम्मे निम्मे, आणि फुलोरा येईपर्यंत नुसतं बघून काही कळत नाही, त्याला कितीतरी वर्षं जातात. (बियेवर दोऱ्याला अंगठी टांगून नर-मादी सांगणारे लोक आहेत, त्यांचं निम्म्या वेळा बरोबर येतं, नाणं उडवलं तरी तेवढंच येईल. डीएनए चाचणी मात्र खरंच सांगते.) मादी निघाली तरी फळ आईसारखं असेलच असं नाही.

म्हणून पिल्लं. खजुराच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, त्यातले बरेच पुढे फुलोरा होतात, पण झाड तरुण असताना काही डोळ्यांची पिल्लं होतात, म्हणजे आईची हुबेहूब कॉपी. जातीप्रमाणे आयुष्यभरात साधारण 10 ते 30, नंतर बंद. 1927 मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी मोरोक्कोतल्या बूदनीबहून मेजूल जातीची 11 पिल्लं अमेरिकेला नेली, बायूद नावाच्या बुरशीच्या रोगाची भीती म्हणून ती नेवाडात वेगळी ठेवली, त्यातली 9 जगली, आणि तिथल्या मेजूलच्या बागा त्यांच्यावरच उभ्या राहिल्या.

आता माझा आवडता भाग. पिल्लू आईला चिकटलेलं असताना त्याला पाणी, अन्न सगळं तिच्याकडून मिळतं, स्वतःची मुळं नसली तरी ते हिरवंगार दिसतं, आणि लोक इथेच फसतात. खजुराची मुळं सगळी आगंतुक, म्हणजे खोडाच्या बुडातूनच निघणारी. कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्झिन (झाडाचं वाढीचं संप्रेरक) खाली बुडाकडे येतं, तिथे खोडाच्या कडेला रसवाहिन्यांच्या जुडग्यांजवळच्या काही पेशी परत विभागायला लागतात, त्यांचा एक छोटा घुमट होतो आणि तो घुमट बाहेरच्या पेशी आणि पानांची जुनी बुडखी ढकलत बाहेर येतो. बाहेर कोरडी हवा असली की टोक सुकतं आणि तिथेच थांबतं. जुन्या झाडाच्या बुडाशी हे तपकिरी ठोंब नीट दिसतात, आणि ओल मिळाली की लांबतात. म्हणजे करायचं एवढंच की त्या टोकाला अंधार आणि ओल द्यायची. पिल्लू जमिनीलगत असेल तर बुडाशी मातीचा ढीग लावून तो ओला ठेवायचा, खोडावर उंच असेल तर वाळलेली बुडखी काढून ओला भुसा किंवा कोकोपीट भरून काळं प्लास्टिक गुंडाळायचं, आणि काही महिने ते वर्षभर थांबायचं. काही जण आयबीए (मुळं फुटायला लावतात ते ऑक्झिनच्या जातीचं औषध) लावतात, पण ओल नसेल तर आयबीए काय करणार?

3 ते 5 वर्षांचं, 10 ते 25 किलोचं पिल्लू चांगलं. आधी भरपूर पाणी, मग माती उकरून आईशी जोडलेला भाग उघडा करायचा आणि छिन्नीने तिथेच, एका जागी तोडायचं. मुळं तुटली की पाणी ओढणं कमी होतं पण पानांतून पाणी उडतच राहतं, म्हणून बाहेरची पानं छाटून आतली बांधायची. बायूद आणि लाल सोंडी भुंगा पिल्लांबरोबर फिरतात, तेव्हा रोगट बागेतलं फुकट मिळालं तरी घेऊ नका. लावताना मधला गाभा पाण्याच्या वर हवा, गाभ्यात पाणी गेलं की कोंब सडतो. जुनी पानं महिनोन्महिने हिरवी राहू शकतात, त्यावरून काही ठरवू नका, मधून नवीन पान निघून लांबायला लागलं तरच लागलं समजा, आणि ते ओढून बघू नका.