दुभंगणारी पेशी दिशा कशी ठरवते?

फळमाशीच्या अळीत भावी पंखाची जी इवलीशी चकती असते, तिच्यात सुरुवातीला अवघ्या पन्नासेक पेशी असतात आणि चार-पाच दिवसांत त्यांची संख्या ५०,०००च्या आसपास पोहोचते. एवढ्या झपाट्याने पेशी दुभंगत असतानाही तो एकपदरी थर कोठे उसवत नाही. याचे उत्तर केवळ जनुकांत शोधून भागत नाही. कोणती प्रथिने बनवायची हे जनुके ठरवत असली, तरी शेजारणी आपल्याला कोणीकडे ओढत आहेत, हे प्रत्येक पेशीला जागच्या जागीच उमगावे लागते.

जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी १८८४ मध्ये एक साधा नियम मांडला: पेशी सहसा आपल्या लांबीला आडवी दुभंगते. या नियमाचा परिणाम मोठा आहे. थर एका दिशेने ताणला गेला की त्यातील पेशी त्याच दिशेने लांबट होतात, त्या आडव्या दुभंगल्यावर कन्यापेशी ताणाच्या रेषेत एकीपुढे एक मांडल्या जातात आणि ताण सैलावतो. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आढळणाऱ्या झेब्राफिश या माशाच्या भ्रूणात, पिवळ्या बलकावर पसरत जाणाऱ्या बाह्य आवरणात, नेमके हेच घडते असे २०१३ मध्ये दाखवले गेले.

येथे एक पेच उरतो आणि मला तो या विषयातील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. अशा थरातील बहुतेक पेशी दुभंगण्याच्या वेळी गोल होतात. मग आपण मघाशी कोणत्या दिशेने लांबट होतो, हे त्यांच्या लक्षात राहते कसे? पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमधील संशोधकांना फळमाशीच्या कोषावस्थेत याचा उलगडा झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन पेशी जेथे एकमेकींना भिडतात, त्या कोपऱ्यांवर ‘मड’ नावाचे प्रथिन एकवटलेले असते. लांबट पेशीचे असे कोपरे तिच्या दोन टोकांकडे अधिक असतात आणि पेशी गोल झाली तरी प्रथिनाच्या या खुणा पुसल्या जात नाहीत. गुणसूत्रे विभागणारी तंतूंची रचना या खुणांकडे ओढली जाते आणि विभाजनाची दिशा ठरते.

विभाजनामुळे पेशींचे आकारही बदलतात. नवी भिंत उभी राहिली की तिच्या दोन टोकांना असलेल्या शेजारपेशींना प्रत्येकी एक बाजू वाढून मिळते, तर कन्यापेशींच्या वाट्याला सहसा मातृपेशीपेक्षा कमी बाजू येतात. या देवघेवीतून पंखाच्या चकतीत षटकोनी पेशींचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर स्थिरावते. ते मधमाश्यांच्या पोळ्याइतके काटेकोर नसते. पंचकोन आणि सप्तकोनही तेथे बरेच असतात.

केव्हा दुभंगायचे, यातही ताणाचा वाटा असतो. ‘पिएझो १’ हे पेशीपटलातील प्रथिन पटल ताणले गेले की उघडते आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात. अशी प्रथिने शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. थर ताणला गेला की, विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबलेल्या पेशी या प्रथिनाच्या इशाऱ्याने दुभंगतात. उलट दाटी झाली की त्याच प्रथिनामुळे काही जिवंत पेशी थरातून बाहेर ढकलल्या जातात. झेब्राफिशच्या भ्रूणात ‘पिएझो १’ची निर्मिती रोखली, तेव्हा दाटी झालेल्या पेशींना बाहेर पडता आले नाही आणि पराच्या कडेला त्यांचे पुंजके साचले.