फॅट बर्नरने चरबी जळते?

जळगाव-धुळ्याच्या जिममध्ये एक समज बरीच वर्षं फिरतोय: व्यायामाआधी फॅट बर्नरची गोळी घ्या, घामातून चरबी निघून जाते. घामातून जातं ते पाणी आणि मीठ. तांब्याभर पाणी प्यायलं की काट्यावरचा आकडा पुन्हा वर. चरबी घटते ती खाण्यापेक्षा खर्च जास्त झाला तरच. आणि तिचा बराचसा भाग, गंमत म्हणजे, श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो.

या गोळ्यांत बहुतेकदा मुख्य घटक कॅफीन. त्याने थकवा कमी जाणवतो, कॅलरींचा खर्च किंचित वाढतो, इतकंच. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. गोळीत दिवसभराचा चहा मिळवा, वर भुसावळचा मे महिना. छातीत धडधडलं तर नवल काय? बिनलेबलची डबी तर नकोच. सिब्युट्रामाइन या भूक मारणाऱ्या औषधावर भारतात २०११ मध्ये बंदी आली, तरी वजन घटवणाऱ्या 'हर्बल' गोळ्यांत ते सापडलेलं आहे.

व्हे प्रोटीनचं, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचं, वेगळं. एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रथिनं, १२० कॅलरी. भूक आवरते, व्यायामासोबत स्नायू टिकतात. पण शेवभाजीवर ताव मारून वर शेक घेतला तर वजन वाढेलच. रोज उडदाची डाळ, दूध, अंडी पुरेशी खाणाऱ्याला तो डबा बहुधा लागतही नाही.