मुखातील अधःश्लेष्मल तंतुमयता : स्टेरॉइड उपचार

सुपारी, गुटखा, मावा किंवा खर्रा वर्षानुवर्षे चघळल्याने तोंडातील श्लेष्मकलेखाली (ओलसर आतल्या अस्तराखाली) तंतू साठून तोंड उघडेनासे होण्याचा विकार. आधी तिखट झोंबते. पुढे गालाचे अस्तर पांढुरके व ताठर होते आणि आतून बोट फिरवले तर दोरीसारखे उभे पट्टे हाताला लागतात.

सुश्रुतसंहितेतील ‘विदारी’ हाच हा विकार, असे अनेक लेखांत म्हटले आहे. मात्र संहितेतील विदारी गळ्यात होते, तीत दाह व सूज असते, मांस कुजून झडते आणि रोगी ज्या कुशीवर निजतो त्या बाजूला ती अधिक होते. तंतुमयतेत मांस कुजत नाही, त्यामुळे हे समीकरण ओढूनताणून केलेले वाटते. आधुनिक वैद्यकात १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद केली. १९५३ साली मुंबईच्या जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींच्या संदर्भात त्याला ‘अधःश्लेष्मल तंतुमयता’ म्हटले. पुढे तेच नाव रूढ झाले. कारण म्हणून मिरचीकडेही बराच काळ बोट दाखवले जाई. आता सुपारीतील ॲरेकोलीन व तांबे यांवर भर आहे.

डेक्सामेथासोन, ट्रायमसिनोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन ही स्टेरॉइडे थेट पट्ट्यांत टोचतात, बहुधा हायलुरोनिडेज या विकरासह (एन्झाइमसह). स्टेरॉइड दाह कमी करते व तंतुजनक पेशींना आवर घालते. विकर ऊतींतील चिकट द्रव्य फोडून औषधाला वाट करून देते. गुण आला की नाही हे वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठरवतात. जळजळ लवकर कमी होते; जुना, घट्ट झालेला तंतू मात्र फारसा विरघळत नाही. पुन्हापुन्हा सुई टोचल्याने होणाऱ्या जखमांमुळेच तंतू वाढतात, असा आक्षेप १९९१ साली बोरले व बोरले यांनी घेतला. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्यात निकषांना उतरलेल्या चाचण्या दोनच निघाल्या, रुग्ण मिळून ८७.

सुपारी सुटली नाही तर इंजेक्शनांचा उपयोग टिकत नाही. शिवाय या विकाराचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते : केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रुग्णांच्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात पाच जणांना (७.६ टक्के) मुखकर्करोग झाला.