पेशीचक्रावरील नियंत्रणाचा ऱ्हास

निरोगी मानवी पेशी बाहेरून संदेश मिळाल्याशिवाय आणि आपल्या डीएनएची तपासणी झाल्याशिवाय विभागत नाही. हे बंधन सुटणे हे कर्करोगाचे मूलभूत लक्षण होय. कर्कपेशी नेहमीच अतिवेगाने विभागतात हा समज मात्र बरोबर नाही. आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशी अनेक अर्बुदांतील (गाठींतील) पेशींपेक्षा झपाट्याने विभागतात, परंतु गरज संपली की थांबतात.

पेशीचक्राचे, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या प्रवासाचे, जी-१ (वाढ), एस (डीएनएची प्रत काढणे), जी-२ (विभाजनाची तयारी) आणि एम (विभाजन) असे चार टप्पे असून सायक्लिन प्रथिने व त्यांच्यावर अवलंबून असलेली सीडीके विकरे ते पुढे नेतात. या यंत्रणेच्या शोधाबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निर्णायक क्षण जी-१ च्या उत्तरार्धात येतो. तोवर आरबी हे प्रथिन जनुके जागी करणाऱ्या ई२एफ प्रथिनांना जखडून ठेवते. वाढीचे संदेश आल्यावर सायक्लिन डी आणि सीडीके-४ किंवा सीडीके-६ यांची जोडी आरबीला फॉस्फेट जोडू लागते, ई२एफ मोकळे होते आणि डीएनएची प्रत काढण्यास लागणारी जनुके जागी होतात. यानंतर संदेश थांबले तरी पेशी सहसा मागे फिरत नाही.

बहुतेक कर्करोगांत हाच मार्ग कुठे ना कुठे बिघडलेला असतो, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. दृष्टिपटलाच्या बालकर्करोगात आरबी जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होतात. दोन आघातांची ही कल्पना जनुकशास्त्रज्ञ नडसन यांनी १९७१ मध्ये, जनुक हाती लागण्यापूर्वीच, मांडली होती. स्तनाच्या काही कर्करोगांत सायक्लिन डी-१ च्या जनुकाच्या प्रती वाढतात, स्वादुपिंडाच्या कर्करोगात सीडीकेला आवरणारे पी१६ हे प्रथिन बहुधा नाहीसे होते, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणूचे ई७ प्रथिन आरबीला निष्प्रभ करते.

त्याच विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवून आणते. डीएनएला इजा झाल्यास पी५३ हे पी२१ या दुसऱ्या प्रथिनामार्फत चक्र रोखते किंवा पेशीला आत्मनाशाकडे नेते. सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत त्याच्या जनुकात उत्परिवर्तन आढळते. मग सदोष डीएनए घेऊनच पेशी विभागतात आणि नवे बिघाड साचत जातात.

सीडीके-४ व ६ यांना रोखणारे पॅल्बोसिक्लिब हे औषध स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले. ते आरबीमार्फतच काम करत असल्याने आरबी गमावलेल्या अर्बुदांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.