कुत्र्याचे हुकवर्म : जंताची एक गोळी का पुरत नाही
(आमच्या श्वान-बोर्डिंगच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गणपतीला गावी जायचे म्हणून कुत्रा ठेवण्यासाठी फोन येऊ लागले की आम्ही दोन गोष्टी मागतो: लसीकरणाचे कार्ड आणि शीच्या तपासणीचा ताजा रिपोर्ट. कार्ड सगळे आणतात. रिपोर्टचे नाव काढले की "अहो, जंताची गोळी मागच्याच महिन्यात दिली" हे उत्तर ठरलेले. गोळी दिलीत हे उत्तमच. पण हुकवर्मच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. ते का, हे नीट कळावे म्हणून हे पत्रक.

हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी. एक-दोन सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखा बारीक. लहान आतड्याच्या अस्तराला दातांनी धरून तो रक्त पितो. मधूनमधून जागा बदलतो, आणि सोडलेली जखमही वाहत राहते, कारण रक्त गोठू न देणारा स्राव त्याने तिथे सोडलेला असतो. कुत्र्यांत नेहमी आढळणाऱ्या अँकायलोस्टोमा कॅनायनम या जातीचा एक जंत दिवसाला ०.१ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवू शकतो. आकडा किरकोळ वाटेल. पण किलोभर वजनाच्या पिल्लाच्या अंगात रक्तच जेमतेम ८० ते ९० मिलिलिटर. पोटात शंभर जंत असले तर रोजचे १० मिलिलिटर गेले. लहान पिल्ले या जंताने बघता बघता दगावतात, ती यामुळे.

ओळखायचे कसे?

शीत जंत दिसले नाहीत म्हणून निश्चिंत राहू नका. गोल जंत किंवा पट्टकृमीचे तुकडे डोळ्यांना दिसतात. हुकवर्म आतड्याला चिकटून बसतो आणि बाहेर पडतात ती फक्त सूक्ष्म अंडी. त्यापेक्षा हिरड्या पाहा. कुत्रा शांत असताना सुळ्यावरचा ओठ हळूच उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडलीत की पांढरा झालेला ठिपका साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात. तिथे खालची पापणी किंचित ओढून आतला रंग बघा. फिकट, पांढुरकी दिसली तर थांबू नका. डांबरासारखी काळी चिकट शी, जिन्यावर लागणारा दम, खाऊनही उतरणारे वजन, निस्तेज केस, पंजांच्या बेचक्यांत सतत चाटणे ही बाकीची लक्षणे. (लोहाचे औषध चालू असेल तर शी तशीही काळी होते, डॉक्टरांना ते सांगा.) अंगापिंडाने धडधाकट मोठ्या कुत्र्यात मात्र यांतले काहीच न दिसता जंत असू शकतात.

जंत परत येतो कुठून?

खरा प्रश्न हा आहे. मादी जंत रोज हजारो अंडी घालते. शीतून ती जमिनीवर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत फुटतात आणि साधारण आठवडाभरात त्यांतल्या अळ्या दुसऱ्याला लागण करण्याजोग्या होतात. मग कुत्रा पंजे चाटतो आणि अळी पोटात जाते. नाहीतर ती थेट पंजाच्या किंवा पोटाच्या कातडीतून आत शिरते. उंदीर खाल्ल्यानेही लागण होते.

आत गेलेली प्रत्येक अळी आतड्यात जातेच असे नाही. काही अळ्या स्नायूंमध्ये जाऊन निपचित पडून राहतात. जंताच्या नेहमीच्या गोळ्या आतड्यातले जंत मारतात, या झोपलेल्या अळ्यांपर्यंत पोचत नाहीत. आतडे रिकामे झाले की त्यांतल्या काही जाग्या होऊन तिथे येतात आणि तुम्हाला वाटते, गोळी खोटी निघाली. कुत्री गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत याच अळ्या आचळांकडे सरकतात आणि दुधावाटे पिल्लांत उतरतात. आईची शी तपासणीत अगदी स्वच्छ असली तरीही. दुधातून लागण झालेले पिल्लू दुसऱ्या आठवड्यातच, शीत एकही अंडे दिसण्याआधी, गंभीर आजारी पडू शकते.

उपचार

पायरँटेल, फेबँटेल, फेनबेंडाझोल ही नेहमीची औषधे. कोणते आणि किती, हे पशुवैद्य ठरवतील, पण त्यांना खरे वजन सांगणे तुमच्या हातात आहे. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. अंदाजाने दिलेली गोळी बहुतेक वेळा कमी पडते. पहिल्या डोसानंतर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा द्यायचाच. पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत दरमहा, पिल्लांबरोबर आईलाही. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू घरी आणताना "जंताचे औषध झालंय" एवढ्यावर समाधान मानू नका, तारखा विचारा. रक्त फार कमी झाले असेल तर लोह, सलाइन आणि प्रसंगी दुसऱ्या कुत्र्याचे रक्तही द्यावे लागते.

कळकळीची विनंती: गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन किंवा माणसांची अल्बेंडाझोलची गोळी मनाने देऊ नका. पहिल्याने कॉलीसारख्या जातींत मेंदूवर घातक परिणाम होतो, दुसरीने अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. लसूण-हळदीने हुकवर्म जात नाही. लसूण तर कुत्र्याच्या रक्तपेशीच मोडतो.

औषध लागू पडले का, हे दहा-चौदा दिवसांनी शी तपासूनच कळते. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे हुकवर्म सापडले आहेत, त्यामुळे तपासणीला पर्याय नाही. नमुना सकाळचा ताजा, सुपारीएवढा, झाकणाच्या स्वच्छ डबीत. लगेच लॅबमध्ये देता आला नाही तर डबी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. उकाड्यात अंडी फुटतात आणि रिपोर्ट फसवा येतो.

अंगण आणि माणसे

ताजी शी लागण करत नाही, अळीला तयार व्हायला दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज उचलणे हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. पाइपने पाणी मारून ती मातीत ढकलू नका, भाजीच्या वाफ्याच्या खतातही टाकू नका. फरशी घासून, गरम पाण्याने धुऊन कोरडी होऊ द्या. मातीत फिनेल ओतून काही साधत नाही. अळीला मारते ते ऊन आणि कोरडेपणा. कुंड्यांमागची सावली, नळाखालची ओल, दिवसेंदिवस न वाळलेले गोणपाट या तिच्या जागा. कुत्र्याची बसायची जागा तिथून हलवा. आमच्याकडे पावसाळ्यात कुत्री मातीवर न सोडता उताराच्या सिमेंटच्या पडवीत फिरवतो, ते यासाठीच.

या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात. पायावर किंवा मांडीवर लाल, नागमोडी, रोज थोडी पुढे सरकणारी आणि भयंकर खाजणारी रेघ उठते. मुलांना ओल्या मातीत आणि किनाऱ्यावरच्या वाळूत चपला घालायला लावा. रेघ दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आशियात आढळणारी अँकायलोस्टोमा सिलॅनिकम ही जात तर माणसाच्या आतड्यातही वाढते.

बुकिंगसाठी शीचा रिपोर्ट कुत्रा आमच्याकडे येण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांतला हवा. जंत निघाले तरी बुकिंग रद्द होत नाही. डोस सुरू करा, आम्ही कुत्र्याला वेगळ्या खोलीत ठेवू आणि परतीपर्यंत दुसरा डोस लागला तर तुमच्या डॉक्टरांना विचारून देऊ. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर मात्र आमच्याकडे आणू नका, आम्हाला फोन करण्यातही वेळ घालवू नका. रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.