‘मी अभ्यास केलो’ आणि आपले शालेय व्याकरण

सोलापुरात मराठी शिकवणाऱ्यांना ‘मी अभ्यास केलो’, ‘मी पोळी खाल्लो’ ही वाक्ये नेहमीची. वहीत त्यांवर लाल रेघ येते आणि विषय तिथेच संपतो. खरे तर तिथून तो सुरू व्हायला हवा. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड. या दोन्ही भाषांत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. त्यालाही अपवाद आहेत: ‘मी चहा प्यालो’, ‘मी नाव विसरलो’ हे शुद्धच! म्हणजे ‘गेलो’, ‘आलो’वरून ‘केलो’ करणारे मूल नियम लावूनच बोलत असते. फक्त तो प्रमाण मराठीचा नियम नसतो.

हे समजावण्याला वर्गात जागा का उरली नाही, याची मुळे जुनी आहेत. विल्यम कॅरीचे १८०५चे व्याकरण मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी माणसांसाठी व्याकरण लिहिले, हे काम फार मोठे. पण पुढे शाळेत रुळलेला साचा उसना राहिला: शब्दांच्या आठ जाती इंग्रजीच्या वळणाच्या, आठ विभक्ती संस्कृतच्या. मोरो केशव दामले यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त खोल चर्चा केली, पण वर्गात पोहोचले ते ‘स, ला, ते’ या विभक्तिप्रत्ययांचे तक्ते आणि ‘प्रयोग ओळखा’. १९६२च्या लेखननियमांनंतर ‘शुद्ध करून लिहा’ला गुण मिळू लागले, तेही मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घासाठी.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने मुलांच्या घरच्या भाषा हे वर्गाचे साधन मानले. पाठ्यपुस्तकांत व्याकरण पाठाला जोडून ‘भाषाभ्यास’ म्हणून येऊ लागले, परीक्षेत कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, म्हणजे कृतिपत्रिका, आली. दिशा योग्यच. तरी कर्मणी प्रयोगाची, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे बदलण्याची, मांडणी मला अजूनही घरी मराठी ऐकत वाढलेल्या मुलापुरतीच वाटते. सोलापूरच्या वर्गात ‘मी पोळी खाल्ली’ हेच वाक्य आधी मुलांकडून तेलुगूत आणि कन्नडमध्ये म्हणवून घ्यावे, तिन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत, आणि पोळीच्या जागी आंबा आला की कोणत्या भाषेत क्रियापद बदलते हे त्यांनाच शोधू द्यावे.